तिसऱ्या मालकाचा इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटची प्रश्नोत्तरं थोडी आटोपती घेतली आहेत.)



या विषयावर बोलायचं ठरलं तेव्हा संयोजकांपैकी एकांनी मला हळूच विचारलं, "पण यात इतिहास कुठं येतो?" प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे इतिहास म्हटलं की किल्ले, तह, बखरी; फार तर गिरण्या आणि रेल्वे. एका छोट्या गाडीत कुणीतरी मोठं इंजिन बसवलं, एवढ्यावर तासभर काय बोलणार? मी त्यांना म्हटलं, गाडीचा इतिहास दोन ठिकाणी लिहिलेला असतो. एक कंपनीच्या गुळगुळीत माहितीपत्रकात आणि दुसरा ग्लव्ह बॉक्समधल्या तेलाचे डाग पडलेल्या सर्व्हिस बुकात. पहिला बऱ्याच जणांनी वाचलेला आहे. आज दुसरा वाचू.

आधी शब्दाचं बघू. हॅचबॅक म्हणजे जिचं मागचं दार काचेसकट वर उघडतं ती गाडी. आपल्या रस्त्यांवर ती इतकी आहे की वेगळं सांगायला नको. अशा साध्या गाडीत मोठं इंजिन, थोडे कडक सस्पेन्शन, रुंद टायर आणि बरे ब्रेक घातले की तिला इंग्रजीत 'हॉट हॅच' म्हणतात. मराठीत शब्द नाही. 'गरम हॅचबॅक' म्हटलं तर रेडिएटरची तक्रार असावी असं वाटतं. त्यामुळे मी आज हॉट हॅच असंच म्हणणार आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. ही गाडी दिसायला रोजच्या वापराची, म्हणून लोकांनी ती रोजच्या गाडीसारखीच सांभाळली. पण आतून ती तशी नव्हती. पहिला मालक ती नवी घेतो, शोरूमच्या सर्व्हिसला नेतो, चार-पाच वर्षांत विकतो. दुसरा मालक हौशी असतो. तिसऱ्याच्या हाती ती येते तेव्हा तिची किंमत उतरलेली असते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरलेली नसते. या गाड्यांचं पुढं काय झालं, हे बऱ्याच अंशी त्या तिसऱ्या मालकावर ठरलं. आणि पुस्तकांत त्याचं नाव नाही.

सुरुवात ब्रिटनच्या मिनीपासून करतात. मिनी हॅचबॅक नव्हती, तिला छोटीशी डिकी होती, पण कल्पना तिथलीच. अलेक इसिगोनिसची मिनी १९५९ ची, ८४८ सीसी. रेसिंगच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपरनं १९६१ मध्ये तिच्यात ९९७ सीसीचं इंजिन घालवलं आणि ५५ अश्वशक्ती काढली. मूळ गाडीची होती ३४. इथं एक बारीक गोष्ट बघा. कूपरनं इंजिनाबरोबर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले. म्हणजे ज्यानं ताकद वाढवली त्याला थांबायचं कसं हेही ठाऊक होतं. पुढं मिनी कूपर एस मॉन्टे कार्लो रॅली जिंकली, १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये. १९६६ मध्येही पहिली आली होती, पण हेडलाइटच्या नियमावरून बाद केली. मिनीवर इतकंच, नाहीतर आपण आज घरी जाणार नाही.

आता जर्मनी. १९७३ मध्ये फोक्सवॅगन अडचणीत होती. बीटल म्हातारी झालेली, तिची जागा घेणारी गोल्फ अजून यायची होती. कंपनीतला एक चाचणी अभियंता, आल्फोन्स लोवेनबर्ग, यानं काही सहकाऱ्यांना एक टिपण पाठवलं: आपण एक खेळकर, वेगवान गाडी करायला हवी. वरिष्ठांना या कल्पनेत रस नव्हता. मग पाच-सहा जणांनी ते काम जवळजवळ गुपचूप चालवलं. त्यात जनसंपर्क विभागाचा प्रमुख आंटोन कोनराड होता आणि सस्पेन्शनचा जाणकार हर्बर्ट शुस्टर. आपल्या सरकारी कचेऱ्यांत फायली दडपतात असं आपण म्हणतो. इथं उलट, फाइल न काढताच गाडी तयार होत होती.

१९७५ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय दाखवली आणि १९७६ च्या उन्हाळ्यात विक्री सुरू झाली. १,५८८ सीसी, ११० अश्वशक्ती, ताशी १८२ किलोमीटर, वजन सुमारे ८१० किलो. तिची सगळ्यात साधी बहीण ५० अश्वशक्तीची होती. कंपनीचा अंदाज होता की ५,००० गाड्या विकल्या तरी पुष्कळ झालं. त्या पहिल्या पिढीच्या विकल्या गेल्या साडेचार लाखांहून जास्त. आतल्या सीटचं चौकड्यांचं कापड आणि गोल्फच्या चेंडूसारखा गिअरचा दांडा या दोन्ही कल्पना गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंच्या. मोटारींच्या इतिहासात बायकांची नावं फारशी येत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं. गाडीचा बाहेरचा आकार इटलीच्या ज्युजारोचा. हे नाव लक्षात ठेवा, ते आपल्याला पुढं पुणे जिल्ह्यात भेटणार आहे.

माहितीपत्रकाचा इतिहास इथं टाळ्या घेऊन संपतो. आता बॉनेट उघडू.

आत कार्बोरेटर नव्हता. बॉशचं के-जेट्रॉनिक नावाचं इंजेक्शन होतं. 'के' म्हणजे जर्मनमध्ये 'सतत' या अर्थाच्या शब्दाचं आद्याक्षर. इंजेक्शन म्हटलं की आज आपल्याला कॉम्प्युटर आठवतो, पण यात तो अजिबात नव्हता. इंजिन हवा ओढतं. त्या हवेच्या वाटेत एक गोल तबकडी तरंगत असते. हवा जास्त, तर तबकडी जास्त उचलली जाते. तबकडीच्या दांड्याला लागून एक छोटा दट्ट्या असतो, तो वर गेला की पेट्रोलची वाट तेवढी मोठी होते. पेट्रोल पंपातून साधारण पाच बारच्या दाबानं येतं आणि चारही इंजेक्टरमधून अखंड फवारलं जातं. निव्वळ यांत्रिक तराजू म्हणा ना. मला तो फार सुंदर वाटतो.

पण हा तराजू एका गोष्टीवर विश्वास ठेवतो: इंजिनात जाणारी प्रत्येक चिमूटभर हवा तबकडीवरूनच जाते. तबकडी आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचा एक जाड पाइप असतो. दहा वर्षांनी तो कडक होतो, घडीच्या आत चिरतो. वरून काही दिसत नाही. त्या चिरेतून न मोजलेली हवा आत शिरते, पेट्रोल मात्र मोजलेल्या हवेपुरतंच येतं. मग गाडी आयडलिंगला थरथरते, सिग्नलला बंद पडते, थंड असताना नीट उठत नाही. दुसरी प्रसिद्ध तक्रार उलटी: थंड असताना एका चावीत सुरू, पण पेट्रोल भरायला दहा मिनिटं थांबलं की सुरूच होत नाही. कारण गाडी बंद केल्यावर नळ्यांत थोडा दाब टिकून राहायला हवा. तो टिकवणारा डबा किंवा पंपाचा व्हॉल्व्ह खराब झाला की तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते.

आता असा विचार करा, १९८६ साल आहे. गाडी तिसऱ्या मालकाकडे. तो ती गल्लीतल्या गॅरेजमध्ये नेतो. मेकॅनिक हुशार आहे, पण त्याचा हात कार्बोरेटरवर बसलेला. तो कान लावतो, आणि त्याला काय सापडतं? मिश्रणाचा स्क्रू. तीन मिलिमीटरच्या लांब ॲलन कीनं तो फिरवता येतो. फिरवला की गाडी थोडी सुधारते. पुढच्या महिन्यात परत बिघडते, परत फिरवतात. पाच मेकॅनिकांनी फिरवल्यावर मूळ जागा कुणालाच माहीत नसते, आणि चिरलेला पाइप आहे तिथंच आहे. या इंजेक्शनची 'कटकटीचं' म्हणून जी बदनामी झाली तिचा मोठा भाग या स्क्रूनं कमावलेला आहे. दाबाचा गेज लावून पंधरा मिनिटांत कळणारी गोष्ट होती. पण गेज अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये होता, आणि तिसरा मालक तिथं जात नव्हता, कारण त्याला तिथलं बिल परवडत नव्हतं.

ब्रिटनमधलं आणखी एक उदाहरण देतो, कारण ते आपल्यासारखेच डावीकडून गाडी चालवतात. उजव्या स्टीअरिंगची जीटीआय त्यांना १९७९ मध्ये मिळाली. पेडल उजवीकडे आलं, पण ब्रेकचा बूस्टर डावीकडेच राहिला. मध्ये जोडणारा एक आडवा दांडा. पाय दाबला की थोडा जोर त्या दांड्याच्या लवण्यात आणि बुशांच्या सैलपणात जायचा. ब्रेक लाकडासारखे लागतात, अशी तक्रार. लोकांनी पॅड बदलले, डिस्क बदलल्या, ब्रेक ऑइल बदललं, हवा काढली. दोष चाकाशी नव्हताच, मधे होता.

फ्रान्सची पूजो २०५ जीटीआय १९८४ ची. आधी १.६ लिटर, १०५ अश्वशक्ती, मग १.९ लिटर, १३० अश्वशक्ती. ही गाडी अनेक जण या जातीतली सर्वांत चांगली मानतात, मीही मानतो. तिची एक खोड होती. वळणात वेगानं शिरलात आणि घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढलात, की वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर फिरते. नव्या टायरवर, जाणत्या हातात हे मजेचं. झिजलेल्या स्वस्त टायरवर, पावसात, एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात हे मजेचं नाही.

आणि मागचा ॲक्सल. त्यात टॉर्शन बार होते, फिरणाऱ्या भागांना सुईसारख्या बारीक रोलरचे बेअरिंग. सील गेलं की पाणी आत, ग्रीस बाहेर, आणि बेअरिंग आपल्याच शाफ्टला खात सुटतं. लक्षण अगदी साधं: गाडीच्या मागं उभं राहून बघा, मागची चाकं वरून आत झुकलेली दिसतात. तेव्हा पकडलं तर बेअरिंग आणि सील बदलून भागतं. उशीर केला तर अख्खा ॲक्सल. आता तिसऱ्या मालकानं काय केलं असेल? कितीतरी जणांना ते झुकलेलं चाक आवडलं. रेसिंगच्या गाडीसारखं दिसतं, म्हणाले!

रेनॉ ५ जीटी टर्बोबद्दल एकच वाक्य: त्यांनी टर्बो लावला पण कार्बोरेटर ठेवला, तो इतका तापायचा की गाडी बंद केल्यावरही त्याच्यावर वारा मारणारा वेगळा पंखा लावावा लागला, आणि तो पंखा बंद पडलाय हे मालकाला कळायचं पेट्रोल पंपावर अडकल्यावर.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये जे झालं ते मात्र नीट सांगायला हवं. या गाड्या हलक्या, वेगवान, आणि कुलपं साध्या गाडीची. दार उघडायला चोरांना फार वेळ लागत नसे. गरीब वस्त्यांतली मुलं त्या पळवायची, विकायला नाही, नुसती फिरवायला. रात्री वस्तीतल्या चौकात गाडी गरागरा फिरवायची, लोक बघायला जमायचे, मग गाडी जाळून टाकायची. १९९१ च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डच्या ब्लॅकबर्ड लीज वस्तीत पोलिसांनी या कसरती मोडून काढायला घेतल्या आणि दंगल झाली. त्याच महिन्यात टाइनसाइडला चोरीच्या गाडीतून पळताना दोन तरुण मेले आणि तिथंही वस्ती पेटली. १९९२ मध्ये ब्रिटिश संसदेनं अशा प्रकारासाठी वेगळा कायदा केला.

विमा कंपन्यांनी आपला कायदा आधीच केला होता. हप्ते इतके चढले की तरुण माणसाला गाडी घेणं परवडत होतं, पण तिचा विमा परवडत नव्हता. कंपन्यांनी जीटीआयची अक्षरं हळूहळू कमी केली. पुढं १९९८ पासून युरोपात नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. आज आपल्या किल्लीत चिप आहे आणि दुसरी किल्ली करायला काही हजार मोजावे लागतात, त्यामागं त्या चोऱ्या आहेत.

आता घरी येऊ.

वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिचा कुर्ल्याचा कारखाना म्हणजे आपल्या आधीच्या पिढीची फियाट, मग पद्मिनी. पद्मिनीचा मेकॅनिक गावोगाव होता. प्लग काढून त्याचा रंग बघायचा, डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट घासायचे, कार्बोरेटरमध्ये फुंकर मारायची. ते ज्ञान खरं होतं, हे मी पुन्हा सांगतो, कारण आपण त्या लोकांना फार लवकर अडाणी ठरवतो. त्याच कुर्ल्यातून २००१ मध्ये फियाट पालिओ बाहेर पडली. तिचं १.६ लिटरचं १६ व्हॉल्व्हचं रूप १०० अश्वशक्तीचं होतं. जाहिरातीत सचिन तेंडुलकर. भारतात तयार झालेली, मध्यमवर्गाला हात लांबवला तर मिळेल अशी ही पहिली खरीखुरी हॉट हॅच, असं माझं मत आहे. मतभेद असतील तर नंतर भेटा.

पण आपला पहिला प्रश्न कायम एकच: किती देते? पालिओ १.६ पेट्रोल प्यायची. वजनदार गाडी, मोठं इंजिन. म्हणून तिची जुन्या बाजारातली किंमत झपाट्यानं उतरली, आणि म्हणूनच ती तिसऱ्या मालकाकडे झपाट्यानं पोचली. कॉलेजच्या मुलांकडे, धाकट्या भावांकडे. पद्मिनीच्या मेकॅनिककडे ती गेली तेव्हा त्याच्यापुढं तोच पेच होता जो ब्रिटनमध्ये वीस वर्षांपूर्वी झाला होता. फुंकर मारायला कार्बोरेटरच नाही.

पुढची वाट पुणे जिल्ह्यातून जाते. रांजणगावच्या कारखान्यात २००९ पासून पुंतो बनू लागली. तिचा आकार कुणाचा? ज्युजारोच्या संस्थेचा. गोल्फ ते रांजणगाव, पस्तीस वर्षांचा प्रवास. २०१५ मध्ये तिचं आबार्त रूप आलं: १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, किंमत शोरूमला दहा लाखांच्या आत. चाकणला फोक्सवॅगननं २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय केली, १.२ लिटर टर्बो आणि दुहेरी क्लचचा सात गिअरचा बॉक्स. खरी पोलो जीटीआय २०१६ मध्ये बाहेरून आणली, फक्त ९९, आणि किंमत सुमारे २६ लाख. ती लोकांची गाडी नव्हतीच. चाकणची पोलो २०२२ मध्ये बंद झाली. म्हणजे आज या जिल्ह्याच्या रस्त्यांवर ज्या जुन्या वेगवान छोट्या गाड्या फिरतायत, त्यातल्या बऱ्याच आत्ता, या क्षणी, तिसऱ्या मालकाकडे आहेत किंवा त्याच्या वाटेवर आहेत. म्हणून हा विषय मला आज बोलायचा होता.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. मी तिसरा मालक. विकणाऱ्यानं सांगितलं, टायमिंग बेल्ट नुकताच बदललाय. बिल? नाही, ओळखीच्या माणसाकडे केलं. मी मान डोलावली. दोन महिन्यांत गाडीची आरपीएम सिग्नलला वरखाली व्हायला लागली, पिकअप गेला, आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी-०१७१. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. त्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठ दिवसांनी दिवा परत. दुसऱ्यांनी थ्रॉटल साफ केला आणि पेट्रोल पंप बदलायला सांगितलं, बदलला. दिवा परत. चौदा हजार गेले होते.

शेवटी एकदा खंबाटकीच्या अलीकडे गाडी बंदच पडली. टोचन करून जवळच्या गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांच्याकडे स्कॅनर नव्हता. त्यांनी कशीबशी गाडी सुरू केली आणि इंजिनाच्या मागं जाणाऱ्या बारीक रबरी नळ्या एकेक करून बोटांनी चिमटत गेले. चौथी नळी चिमटली आणि इंजिनाचा आवाज सरळ झाला. "हितं हवा खातीया," म्हणाले. नळी काढून वाकवली, तर खालच्या बाजूनं उभी चीर. ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या पाइपचा फाटा होता तो. नळीचे त्यांनी साठ रुपये घेतले आणि मजुरी घेईनात.

बघा, स्कॅनर खोटं बोलला नव्हता. त्यानं सांगितलं हवा जास्त आहे. का जास्त आहे हे तो सांगत नाही, ते शोधावं लागतं. भारतात २०१० पासून गाड्यांना ही निदानाची व्यवस्था टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली आणि आता हजार रुपयांत खिशातला स्कॅनर मिळतो. पण कोड वाचून सेन्सर बदलणं आणि १९८६ मधला तो मिश्रणाचा स्क्रू फिरवणं, यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्ही वेळी माणूस तिथं हात घालतो जिथं हात पोचतो.

त्याच मिस्त्रींनी जाता जाता बेल्टचं कव्हर उघडून दाखवलं. बेल्ट कारखान्यातून आलेलाच होता, दातांच्या बुडाशी भेगा. सोळा व्हॉल्व्हच्या बहुतेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, मग हेड उतरवावं लागतं आणि बिल गाडीच्या किमतीशी बरोबरी करतं. मी त्या बेल्टवर सहा हजार किलोमीटर फिरलो होतो. घाटातून. बायको-मुलांसकट.

घाटाचं निघालंच आहे तर ब्रेक ऑइल सांगून टाकतो, मग थांबतो. हे तेल हवेतला ओलावा शोषतं, झाकण बंद असलं तरी. डॉट ४ प्रतीचं नवं तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या तेलासाठी मानकाची किमान मर्यादा १५५ अंश आहे. वरंध्यातून किंवा आंबेनळीतून वेगानं उतरताना, प्रत्येक वळणाला ब्रेक मारताना, कॅलिपर किती तापतात याची कल्पना करा. तेल उकळलं की बुडबुडे, बुडबुडे दाबले जातात, आणि पाय थेट तळाला. पेडल गेलं असं लोक सांगतात, ते हे. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, खर्च एका चांगल्या जेवणाएवढा. पण जुन्या हॉट हॅचच्या तिसऱ्या मालकाला विचारा, त्यानं आधी काय केलंय? सायलेन्सर. मग स्प्रिंगा कापून गाडी खाली. मग रीमॅप, म्हणजे कॉम्प्युटरची आज्ञावली बदलून ताकद वाढवणं. जॉन कूपरनं १९६१ मध्ये जो क्रम धरला होता तो इथं उलटा झालेला असतो.

काही प्रश्न असतील तर घेऊ या.

प्रश्न: सर, जुनी हॉट हॅच घ्यायचीच असेल तर नेमकं काय बघावं?

उत्तर: सकाळी जा, न सांगता लवकर जा, आणि आधी बॉनेटला हात लावा. गरम असेल तर त्यांनी ती तुमच्यासाठी सुरू करून ठेवलीय, म्हणजे थंड इंजिन कसं उठतं ते त्यांना दाखवायचं नाही. बेल्टचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं समजून तेवढे पैसे किमतीतून कमी करा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही असली तरी इतका जुना टायर नको. टर्बो असेल तर तेलाच्या सगळ्या नोंदी हव्यात. आणि दुहेरी क्लच असेल तर गाडी मोकळ्या रस्त्यावर नाही, तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये चालवून बघा. मुंगीच्या पावलानं सरकताना धक्के देतेय का. गाडी घेतल्यावर किमतीच्या निदान पाव भाग हातात शिल्लक राहायला हवा. नसेल तर साधी गाडी घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न: सुटे भाग मिळतात का अजून?

उत्तर: इंजिनाचे बहुतेक मिळतात, कारण तीच इंजिनं इतर गाड्यांत होती. त्रास होतो तो फक्त त्या मॉडेलच्या वस्तूंचा, बंपर, दिवे, सीटचं कापड. कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिरा, नाना पेठेत विचारा. जुना भाग घेताना त्यावरचा नंबर फोटो काढून न्या, नुसतं गाडीचं नाव सांगू नका.

प्रश्न: माझ्या मुलानं अशीच एक गाडी घेतलीय. आता रीमॅप करायचं म्हणतो. करू देऊ का?

उत्तर: ताई, त्याला एवढंच विचारा, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंस. तारीख सांगता आली तर माझ्याशी बोलायला पाठवा, आम्ही दोघं बसून ठरवू. नाही सांगता आली तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. (हशा)

प्रश्न: तुमची ती गाडी अजून आहे का?

उत्तर: आहे ना. आज आणणार होतो तुम्हाला दाखवायला. सकाळी बघितलं तर बॅटरी उतरलेली. रिक्षानं आलोय.